पावनखिंडीच्या देखाव्यात कोणी वाजवायचं, कधी आणि कशासाठी

शाहूवाडीकडच्या एका तरुण मंडळाने विचारलं आहे: येत्या आषाढात पन्हाळ्याहून सुटका आणि पावनखिंडीची झुंज हा प्रसंग मोकळ्या मैदानात, प्रत्यक्ष लढाईसकट उभा करायचा आहे. मर्दानी खेळाचे गडी तयार आहेत. गावचं ढोल-ताशा पथक आहे, दोन तुतारीवाले ठरवलेत, शाहीरही येणार आहेत. तर शिवकालीन वाद्यं नेमकी कोणती धरायची, किती लागतील, लढाई चालू असताना पोवाडा म्हणावा का, आणि पावसात हलगीचं काय करायचं?

मी कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात हलगी धरूनच वाढलो, पुढे शिंग फुंकायला शिकलो, आणि अशा देखाव्यांची वाद्यांची बाजू बरीच वर्षं सांभाळतो आहे. तुमचे प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहिला आहे. त्या रात्री, त्या खिंडीत, कुठलं वाद्य काय काम करत होतं? रणांगणावरचं वाद्य कामाला असतं. ते हुकूम पोचवतं, पहारा बदलल्याचं सांगतं, पांगलेल्या माणसांना निशाणाकडे बोलावतं, समोरच्याला धाक घालतं. आपण सिनेमे बघून बघून त्याला पार्श्वसंगीत करून टाकलं आहे. तलवार उपसली की ढोल सुरू, माणूस पडला की सनई. हे डोक्यातून काढलंत तर बाकीची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

आता प्रसंग बघा. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात महाराज गडाबाहेर पडले. वेढ्याच्या चौक्यांमधून, चिखलातून, मसाई पठारावरून विशाळगडाकडे. पालखीचे भोई, बांदलांचे मावळे, सोबत बाजीप्रभू. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशीद. या सगळ्यात एकाही माणसाने शिंग ओठाला लावलं असतं तर सगळाच डाव उधळला असता. म्हणजे तुमच्या देखाव्याच्या पहिल्या भागात मराठ्यांच्या बाजूला वाद्यच नाही. आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेक मंडळं पन्नास ढोल लावतात! मी अशाच एका कार्यक्रमात पाहिलं आहे, पालखी चोरपावलांनी निघालीय आणि मागे पथक एवढं दणाणतंय की शेजारच्या गावातला सिद्दीसुद्धा जागा होईल. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, पण त्या रात्रीची भीती एकाच्याही अंगावर आली नाही.

मग पहिल्या भागात काय वाजवायचं? सिद्दीच्या छावणीचं वाजवा. तिथे वाद्यं होती आणि ती रीतसर होती. त्या काळच्या दख्खनी आणि मोगली फौजेत नगारखाना हा इतमामाचा भाग होता. अकबराच्या दरबाराचं वर्णन करताना अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नगारखान्याची यादीच दिली आहे: दमामे म्हणजे मोठे नगारे अठराच्या आसपास जोड्या, नगारे वीसेक जोड्या, चार ढोल, कर्णे म्हणजे लांब सरळ तुताऱ्या कधी चारांहून कमी नाहीत, सनया एकावेळी नऊ, शिंगं दोन, झांजांच्या तीन जोड्या. हा बादशाही थाट झाला. विजापूरच्या एका सरदाराच्या छावणीत एवढं सगळं मांडायची गरज नाही. पण सिद्दी जौहर साधा शिपाई नव्हता, त्याला आदिलशहाने किताब दिला होता. त्याच्या डेऱ्यापुढे नगारा ठेवणं शोभतं. एक मोठी नगाऱ्याची जोडी आणि एक कर्णा, तोही प्रेक्षकांपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. प्रहर बदलला की संथ ठोके. पालखी पुढे सरकतेय, आवाज बंद, फक्त पाऊस, आणि लांबून तो नगारा. मग एकदा तो नगारा ठरलेल्या वेळेच्या आधी वाजतो. पाठलाग सुरू झाल्याचं निवेदकाने सांगायची गरजच राहत नाही.

शत्रूच्या वाद्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. आदिलशाही नौबत भेसूर करून वाजवू नका. नगारा, कर्णा, सनई, झांज हा दोन्हीकडचा वारसा आहे. महाराजांच्या अठरा कारखान्यांत नगारखाना होता, रायगडाच्या सदरेसमोर नगारखान्याचा दरवाजा आजही उभा आहे. समोरची फौज खरोखर बलाढ्य आणि शिस्तीची होती हे ऐकू आलं तरच खिंडीतल्या माणसांनी काय पेललं ते कळतं.

आता खिंड. पाठलागावर आलेले सिद्दी मसूदचे लोक लाटेमागून लाट चढतात आणि बाजीप्रभू, बांदल वाट अडवून उभे आहेत. इथे मी असं बसवतो: प्रत्येक हल्ल्याची सुरुवात खालून कर्ण्याने, त्याच्या पाठोपाठ नगारा, आणि वरून उत्तर फक्त गळ्यातून, 'हर हर महादेव'. दर लाटेला खालचा आवाज तेवढाच भक्कम, वरचे गळे मात्र कमी होत जातात. पहिल्या लाटेला तीस जण ओरडले तर शेवटच्या लाटेला सात-आठ. मराठ्यांच्या बाजूला एक शिंगवाला ठेवायला हरकत नाही, पण त्याला फक्त इशाऱ्याचं काम द्या, मागच्या तुकडीला पुढे बोलावण्यासारखं. शेवटी विशाळगडावरचे तोफांचे बार. महाराज गडावर पोचल्याची परंपरेने सांगत आलेली ही खूण आहे, आणि सगळ्या देखाव्यातला सर्वात मोठा आवाज तोच असला पाहिजे. त्याच्या आधी तुमचे ढोल त्याहून मोठे वाजून गेलेले असतील तर त्या तोफांना काही अर्थ उरत नाही.

इथे आखाड्यातली एक बारीक गोष्ट सांगतो. ज्यांनी हलगीवर दांडपट्टा खेळलेला नाही त्यांना ती सहसा कळत नाही. आपल्या मर्दानी खेळात हलगी, घुमकं (तिच्या जोडीचा छोटा ढोल) आणि कैताळ (मोठी झांज) गड्याला चालवतात. हलगीवाला खेळणाऱ्याच्या पायाकडे बघत असतो. पवित्रा बदलला की काडी बदलते, उठाव आला की टिपरू, म्हणजे हलगीची जाड काठी, जड पडतं, आणि गड्याच्या अंगात आपोआप चढ येतो. प्रात्यक्षिकाला हे फार सुंदर दिसतं. पण हेच लढाईच्या देखाव्यात चालू ठेवलं तर दोन्ही बाजूंचे सगळे गडी नकळत समेवर वार करायला लागतात. चाळीस तलवारी एकदम वर, एकदम खाली. लढाईची कवायत होते. यावर मला सापडलेला उपाय असा: तालमीत शेवटच्या आठवड्यापर्यंत हलगी ठेवायची. वार-अडवाची जोडी हलगीवरच बसवायची, म्हणजे अंतर आणि वेळ पक्की होते, कोणाला लागत नाही. मग शेवटच्या तालमींना हलगी बंद करायची. पायांनी लय धरून ठेवलेली असते, पण प्रत्येक जोडी आपापल्या श्वासाने थोडी मागेपुढे होते. तेव्हा ती खरी झुंज वाटते, आणि तरी सुरक्षित राहते. पहिल्यांदा हलगी काढली की गडी गोंधळतात, तुमच्याकडे बघत राहतात. तिथे कच खाऊन हलगी परत सुरू करू नका. दोन तालमींत जुळतं.

हलगीला तिची जागा द्यायचीच. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मर्दानी खेळ वेगळा दाखवा, तिथे ती खुलून वाजू दे. खासबागच्या मैदानात कुस्ती लागली की हलगी कशी गरजते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दवंडीला हलगी, जोतिबाच्या सासनकाठीपुढे हलगी, कुस्तीला हलगी. ज्या वाद्याला एवढ्या हक्काच्या जागा आहेत त्याला चोरवाटेने निघालेल्या पालखीमागे कशाला उभं करायचं?

आता कुठलं वाद्य घ्यायचं आणि कुठलं नाही. शिंग, तुतारी, कर्णा, नगारा, झांज, ढोल, सनई, संबळ, डफ, तुणतुणं यांत तुम्ही सुरक्षित आहात. बिगुल नको, बँडातला साइड ड्रम आणि पितळी ट्रम्पेट नको, ते कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर आले. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकातली. बेंजो आणि कीबोर्डबद्दल बोलायलाच नको. तुमच्या पथकाचे ढोल मी पाहिले नाहीत, पण आज बहुतेक ढोल नट-बोल्टने ताणलेले आणि प्लास्टिकच्या पानाचे असतात, आणि पन्नास ढोलांनी एकसाथ वाजवायची ही पद्धत गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत घडली आहे. ती चांगलीच कला आहे, पण तिचा काळ वेगळा. पथकातल्या पोरांचा हिरमोड करू नका. त्यांच्यातले चांगल्या मनगटाचे सहा-सात निवडा, दोरीने ताणलेले चामड्याचे ढोल मिळवा, आणि त्यांना सिद्दीच्या छावणीत बसवा. बाकीच्यांना कार्यक्रम संपल्यावर गावातल्या मिरवणुकीत मनसोक्त वाजवू दे.

१६६० ऐवजी उद्या कोणी सामानगडाचा १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव करायला घेतला तर माझं उत्तर उलटं होईल. तिथे समोर कंपनीची फौज आहे, म्हणून बिगुल आणि पलटणीचा ताशा हवाच, आणि गडावर आपलं शिंग. दोन वेगळ्या युगांचे आवाज समोरासमोर. असं कोल्हापुरात कोणी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

तुतारीवाले दोन ठरवलेत, त्यांना आधी भेटा. लग्नात आणि सभेत पाहुण्याच्या स्वागताला वाजते ती तुतारी आणि इशाऱ्याचं शिंग यांत फुंकण्याचा फरक आहे. या नळीला भोकं नाहीत, बोटांनी सूर बदलता येत नाही. ओठ किती आवळले आणि पोटातून वारा किती सोडला, एवढ्यावर सगळं. खालचा सूर, त्याचा पंचम, वरचा षड्ज, हे हुकमी निघाले की इशाऱ्याला पुरे. स्वागताचा तुतारीवाला शेवटी सूर कापरा करून वर नेऊन सोडतो. लढाईत तसं करू नये. इशारा सुरू होतो तिथे धारदार सुरू व्हावा आणि संपतो तिथे कापल्यासारखा संपावा, नाहीतर दोनशे पावलांवरच्या माणसाला लांब कुठला आणि आखूड कुठला कळत नाही. तुमच्यापुरते तीनच इशारे ठरवा: एक लांब म्हणजे जमा व्हा, दोन आखूड म्हणजे पुढे, आखूड-लांब म्हणजे मागे या. गड्यांना त्या इशाऱ्यांवर खरोखर हलायला शिकवा. निवेदकाच्या हातवाऱ्यावर नव्हे, शिंगावर. मग प्रेक्षकालाही दहा मिनिटांत ती भाषा समजायला लागते, आणि शेवटच्या वेळी 'मागे या' वाजतं आणि खिंडीतलं कोणी मागे येत नाही, तेव्हा काय होतं ते तुम्हीच बघा.

मात्र हे इशारे 'अस्सल शिवकालीन धून' म्हणून जाहीर करू नका. अमेरिकेत त्यांच्या १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धाचे देखावे करणाऱ्यांचं काम यात सोपं आहे. १८६२ साली ब्रूस आणि एमेट यांनी ढोल आणि पाव्याची पुस्तिकाच छापली होती. सकाळी उठायचं कुठल्या ठोक्यावर, जेवायला कुठल्या, हत्यार घेऊन धावायचं कुठल्या, सगळं लिहिलेलं. म्हणून तिथली वादक मंडळी दिवसभर छावणीत तीच शिस्त वाजवतात, लढाई फक्त तासाभराची असते. त्यांच्या बँडची शिंगं तर खांद्यावरून मागे तोंड असलेली, कारण बँड पुढे चालायचा आणि ऐकायची मागून येणाऱ्या शिपायांनी. हे वाद्य बघितलं की कळतं, आवाज कोणासाठी आहे यावरून त्याचा घाट ठरतो. आपल्याकडे शिवकाळातल्या रणइशाऱ्यांची अशी छापील पुस्तिका नाही, विद्या बापाकडून लेकाकडे गेली. पण आपल्याकडे एक मोठी गोष्ट आहे: वाजवणं खंडित झालं नाही. तुर्कस्तानात जानिसारींची फौज १८२६ मध्ये मोडली तेव्हा त्यांचं मेहतर हे रणवाद्यपथकही बंद झालं, आणि विसाव्या शतकात ते नव्याने उभं करावं लागलं. आपला चौघडा देवळांनी सांभाळला. म्हणून माझा आग्रह आहे की तुमच्या पोरांनी मोबाईलवरचे व्हिडिओ बघण्याऐवजी चैत्री पौर्णिमेला जोतिबावर जावं, एक पहाट अंबाबाईच्या देवळात बसून सनई-चौघडा ऐकावा, पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरी ढोल आणि कैताळ ऐकावेत. नुसतं काय वाजतं ते ऐकू नका. वाजवणारा कोणाकडे बघतो, कधी थांबतो, थकला की दुसऱ्याला कसं देतो, ते बघा. जुन्या वाद्यांचे घाट बघायचे असतील तर पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे.

पोवाड्याचं उत्तर सरळ आहे: लढाई चालू असताना नको. पोवाडा ही झालेल्या पराक्रमाची साक्ष आहे. अफजलखान वधाचा अगिनदासाचा, सिंहगडाचा तुळशीदासाचा, हे जुने पोवाडे प्रसंग घडून गेल्यावर रचलेले आहेत. शाहीर रणात उभा नसतो, तो नंतर येतो, लोकांसमोर. शिवाय डफावर शाहिरांचा गळा चढला की प्रेक्षकांची नजर शाहिरांकडे जाते आणि खिंडीत माणसं उगाच पडत राहतात. मी शाहिरांना दोन जागा देतो. सुरुवातीला थोडकी पार्श्वभूमी, वेढा कसा पडला इथपर्यंत. आणि तोफा झाल्यावर, मैदान स्तब्ध झाल्यावर, पूर्ण पोवाडा. त्या वेळी गडी उठून जात नाहीत, पडलेले तसेच पडून राहतात. डफ, तुणतुणं आणि झांज एवढंच, ढोलकी-हार्मोनियम बाजूला. पिराजीराव सरनाईकांच्या या गावात शाहिरी ऐकणारा कान अजून आहे, लोक उभे राहून ऐकतात. काळजी करू नका.

आता पाऊस, म्हणजे तुमचा खरा शत्रू. आषाढात पन्हाळा-शाहूवाडीच्या पट्ट्यात हवाच इतकी ओली की थेंब पडला नाही तरी करडाचं कातडं अर्ध्या तासात सैल पडतं. हलगी शेकणं तुमच्या वादकांना माहीत असेलच. तरी नव्या पोरांसाठी सांगतो. आच मंद हवी, ज्वाळा नको, निखारे हवेत. हलगी निखाऱ्यांपासून वीतभर वर, उभी धरून, कडेकडेने फिरवत राहायची. मध्यभाग आधी तापला तर तिथलं कातडं करपतं आणि पुढच्या जोरदार टिपऱ्याला फाटतं. दर दोन फेऱ्यांनी नखाने टिचकी मारून बघायची. आधी 'थप' येतो, मग 'टप', आणि एकदा स्वच्छ 'टण' आला की लगेच बाजूला. त्याहून ताणली तर आवाज वरचा लागतो, पण कडी सोडायच्या बेतात येते. प्रत्येक वादकामागे दोन हलग्या ठेवा. एक हातात, दुसरी घोंगडीत गुंडाळून शेगडीजवळ, आणि एक जाणता माणूस फक्त शेकायला आणि पोचवायला. नगाऱ्याचं म्हशीचं कातडं जाड, ते उशिरा सैलावतं पण लवकर तापतही नाही. नगारा छपराखालीच ठेवा आणि तासभर आधी शेगडी शेजारी लावा. सनईची पत्ती दमट हवेत दगा देते, जास्तीच्या पत्त्या बाळगाव्यात.

फायबरच्या पानाची हलगी घ्यायची का? माझं मत, लढाईच्या देखाव्यात नको. तिचा आवाज पत्र्यासारखा, चिरका, आणि तो ऐकला की सगळा काळ मोडतो. पण मुसळधार लागला आणि कार्यक्रम थांबवणं शक्य नसेल तर तांब्या-पितळेवर भिस्त ठेवा: शिंग, कर्णा, झांज, कैताळ. पावसाला ही वाद्यं दाद देत नाहीत. एवढंच करा, थंड नळीत श्वासाचं पाणी साठतं आणि सूर गुळगुळतो, म्हणून दर इशाऱ्यानंतर नळी उलटी करून झटकायची सवय लावा. आणि खरं सांगायचं तर आषाढातल्या त्या रात्रीला हाच आवाज शोभतो.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग वादकांना वाजवायला राहिलं काय? तर त्यासाठी दुसरा प्रसंग सुचवतो, त्याच पन्हाळ्याचा. मार्च १६७३. कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री गड चढले. वर पोचेपर्यंत चिडीचूप, आणि गडात शिरल्यावर चहूकडून कर्णे फुंकले, त्यामुळे आतल्या शिबंदीला मोठीच फौज आल्याचा भास झाला, अशी हकीकत सांगितली जाते. म्हणजे इथे कर्णा हेच हत्यार. महिना फाल्गुनाचा, हवा कोरडी, कातडं ताठ. मैदानाच्या चार कोपऱ्यांत, प्रेक्षकांच्या पाठीमागेसुद्धा, एकेक कर्णेवाला अंधारात लपवा आणि एकापाठोपाठ एक फुंकू द्या. प्रेक्षक मान वळवतात, दुसरीकडून आवाज येतो, पुन्हा वळवतात. साठ माणसं सहाशे कशी झाली ते त्यांना स्वतःच्या कानांनी कळतं. याहून चांगला प्रसंग वादकांसाठी आपल्या जिल्ह्यात नाही. घोडी आणि मोकळं माळरान असेल तर नेसरीही आहे, २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार. तिथेही माझा सल्ला तोच, बहलोलखानाच्या छावणीचा नगारा वाजवा, सात घोडी मात्र मुकी जाऊ द्या, फक्त टापा. घोड्यांना नगाऱ्याची सवय महिनाभर आधीपासून लावा. पहिल्या दिवशी खूप लांबून, मग रोज थोडं जवळ. आयत्या वेळी नगारा कानाशी वाजला तर घोडं स्वाराला प्रेक्षकांत घेऊन जाईल.

सुरक्षिततेचं एक सांगून ठेवतो, ते टाळू नका. एक इशारा असा राखून ठेवा जो नाटकात कधीच वाजणार नाही. आम्ही झांजांचा सलग खणखणाट ठेवतो. कोणी खरोखर जखमी झालं, मंडप पडला, काहीही झालं, की तो वाजतो आणि सगळ्यांनी हत्यार जमिनीकडे करून जागेवर थांबायचं. तोंडाने 'थांबा' ओरडलं तर लोकांना तो संवाद वाटतो. झांजवाला उंचवट्यावर, मर्दानी खेळाच्या वस्तादांच्या शेजारी उभा करा, त्याचं दुसरं काही काम नको. वादकांना फेट्याखाली इअरप्लग घालू द्या, बाहेरून दिसत नाहीत. कर्ण्याच्या तोंडासमोर आणि नगाऱ्याला खेटून लहान मुलं बसवू नका.

लाऊडस्पीकर निवेदक आणि शाहिरांपुरता ठेवा. शिंगाला माइक लावला की ते कुठून आलं हेच कळत नाही, आणि दिशा हाच तर त्याचा प्राण. रात्री दहानंतर उघड्यावर वाद्यं वाजवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा रात्रीचा प्रसंग संध्याकाळी लवकर सुरू करा. तुम्ही मैदानात करताय ते उत्तमच. गडावरच करायचा हट्ट असेल तर पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एक. लेखी परवानगीशिवाय काही नाही, आणि शेकोटी तर तटाच्या आसपाससुद्धा नको. पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा'सारख्या दगडी जागेत आवाज भिंतींवरून परत येतो, तिथे ताशाचे जलद बोल नुसते कालवतात. सुटे, जड ठोकेच कळतात.

पोशाखाचं थोडक्यात: वादकांना जरीकाठाचा चकचकीत भगवा गणवेश देऊ नका. मावळ्यांकडच्या शिंगवाल्याला चोळणा, मुंडासं, घोंगडी. छावणीतल्या नगारजीला साधा अंगरखा, कमरेला शेला. घड्याळ, धागेदोरे, रंगीत बूट काढायला लावा. ओल्या खडकावर वहाण घसरते, त्यातच तालीम करा.

शेवटचं, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. हलगी मातंग, होलार समाजातल्या घराण्यांनी जिवंत ठेवली, सनई-चौघडा गुरव, घडशी घराण्यांनी, संबळ गोंधळ्यांनी. देखाव्यात तलवार धरणाऱ्याचं नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरात आणि वाजवणारा मात्र 'वाद्यवृंद' या एका शब्दात, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. वादकांची नावं छापा. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या, तालमीच्या दिवसांचंही. जेवणाची पंगत एकच. शाहू महाराजांच्या गावात हे मला लिहावं लागू नये, पण लागतं. आणि तालीम सुरू करण्याआधी तुमच्या गावातल्या जुन्या हलगीवाल्यांना घरी जाऊन भेटा, प्रसंग समजावून सांगा, कुठे गप्प राहायचं आहे तेही सांगा. माझ्या सांगण्यातलं काय बदलायला हवं ते त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं आधी धरा.